उसनी दाढी

"हे तुमाले पटनारच नाही," मी म्हटलं, "पन बकारामच्या दाढीत पाखरानं अंडे घातले होते. नवेगावच्या बांधावर, भर दुपारी. माह्या या डोळ्यानं पायलं."

नंदलाल चहावाल्यानं तोंडाशी नेलेला कप तसाच धरला. "कोनतं पाखरू?"

"आता त्याचं आधार कार्ड मागू का बे?"

छपरीतली माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. घर बकारामचं, कुडवा गावातलं, आणि त्या दिवशी त्याची तेरवी होती. पंगती उठल्या होत्या. दाराच्या आत, भिंतीला टेकून त्याची बायको देवकाबाई बसली होती. काचबिंदूनं तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. मी आवाज चढवून बोलत होतो तो तिच्यासाठी. छपरीतल्यांनी ऐकलं काय, न ऐकलं काय, सारखंच.

सुरुवात नंदलालनंच केली होती. "राइस मिलमंदी काम करनारा मानूस, येवढी दाढी काऊन ठेवत असन? रोज तेल, रोज फनी. नवरीवानी!" त्यानं आपलं सहज विचारलं. पण खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते त्या दाराच्या आत जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून पाखरू काढलं.

खरं ते असं.

आमची गिरणी उसन्या तांदळाची. धान आधी वाफवायचा, मग वाळवून भरडायचा. त्या वाफेच्या बॉयलरवर देवकाबाईचा भाऊ योगराज होता आणि त्या बॉयलरनंच तो गेला. त्यानंतर तिनं बकारामला समोर बसवलं, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि बॉयलरजवळ जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. बकारामनं घेतली. एक हंगाम तो पोती शिवत बसला. मग नवा बॉयलरवाला ऐन हंगामात पळून गेला, आणि त्या यंत्राची नाडी आमच्यात एका बकारामलाच कळायची. तो बॉयलरवर गेला. घरी सांगायचं, पोती शिवतो. तोवर तिची नजर गेलेलीच होती, आणि वासाचं म्हणाल तर गिरणीतल्या प्रत्येक माणसाला उसन्याचाच वास.

एका सकाळी नळीचा सांधा सुटला. वाफ डाव्या गालावर बसली. जखम भरेपर्यंत मी त्याला माझ्या घरी ठेवलं आणि देवकाबाईला सांगितलं, की त्याला बिरसीच्या विमानतळावर नेलं आहे. तिथं पोरं विमान शिकतात, धावपट्टीवरची पाखरं हाकलायला खणखणीत आवाजाचा माणूस पाहिजे होता.

ती म्हणाली, "त्याहीचा आवाज तं चुलीपासून दारापरेंत येत नाही, भाऊजी."

मी म्हटलं, "भोंगा देल्ला त्याले."



गाल भरला, पण कांद्याच्या पापुद्र्यासारखा गुळगुळीत राहिला. त्यावर केस म्हणून उगवेना. तेव्हा बकारामनं कानशिलावरचे केस वाढवले आणि ते त्या गालावरून खाली निजवले. घरी गेल्यावर सांगितलं, तुझ्या डोळ्यासाठी नवस केला, आता वस्तरा लावणार नाही. नवसाची अक्कल माझी. देवकाबाईनं हात लावून पाहिलं, उजव्या बाजूला, आणि म्हणाली, "टोचते. तेल लावत जा."

तेव्हापासून त्या दाढीची सेवा सुरू झाली. कोरडे केस उभे राहतात, गिरणीच्या पंख्यात उडतात आणि खालचा गाल उघडा पडतो. मऊ असले तर जिथं निजवले तिथं निजतात. म्हणून रोज रिठ्याच्या पाण्यानं धुणं, मग टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाचं बी. हिवाळ्यात ते तेल तुपासारखं थिजतं. देवकाबाई पितळेची वाटी चुलीच्या कडेला ठेवायची, बोट बुडवून पाहायची आणि त्याच्या हाती द्यायची. बकाराम कानशिलापासून जबड्यापर्यंत लाकडी फणी फिरवायचा, सावकाश, धानाच्या रोपावरून हात फिरवावा तशी. संध्याकाळी दारात आला की ती तळहात त्याच्या तोंडावर ठेवायची. "आले?" "हाव." एवढंच. तेवढ्या वेळापुरता तो श्वास धरायचा, हे त्यानंच मला सांगितलं.

गिरणीत दाढी सांभाळणं सोपं नाही. धूळ मुळाशी बसते, खाज सुटते, आणि खाजवलं की तो गाल फाटायचा. एकदा मी त्याला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. नागपूरकडचा तरुण डॉक्टर. त्यानं विचारलं, "दाढीत कोंडा होतो का?"

बकाराम हात जोडून म्हणाला, "होते ना जी. हंगामात तं पोत्यानं होते."

डॉक्टर त्याच्याकडे पाहातच राहिला. मी बाहेर येऊन पोट धरून हसलो. बकारामला शेवटपर्यंत कळलं नाही, मी का हसलो ते.

या हिवाळ्यात त्याची छाती भरली. दवाखान्यात, श्वासाची नळी घालायच्या आधी, मी त्याच्याजवळ होतो. श्वास पुरत नव्हता तरी म्हणाला, "यादो, काही झालं तं देवकाले हात लावू नोको देऊ." मग नर्सबाई आली, आणि नळी नीट चिकटावी म्हणून तिनं दाढी काढली. तिचं कामच ते. केस एका कागदात पडले, कागद डब्यात गेला.

दोन दिवसांनी तो गेला, आणि आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा तो गाल उघडा होता. त्याचा पोरगा भूपेंद्र नुसता बघत उभा होता. बायकोला नवऱ्याच्या तोंडाला हात लावू नको, असं कोण सांगणार? मी खूप खोटं बोललो आहे, पण तेवढं मलाही सुचेना.

मी जागेश्वरला फोन केला. तो झाडीपट्टीच्या नाटकांत रंगरंगोटी करतो. पिशवी घेऊन नवेगाव बांधहून गाडीवर आला. पिशवीत ऋषीची दाढी होती.

"पांढरी आहे, यादोभाऊ."

"तिले दिसते का बे?"

बकारामला आंघोळ घातल्यावर जागेश्वरनं गोंद लावून ती बसवली. असलं नेटकं काम त्यानं रंगमंचावरही केलं नसेल. दोन्ही गाल भरून, दाट. मी वाटीतलं थिजलेलं तेल तळहातावर चोळलं, त्या दाढीला लावलं आणि बकारामच्याच फणीनं ती विंचरली.

भूपेंद्रनं आईला धरून आणलं. तिनं कपाळावर हात ठेवला. मग उजवा गाल. मग डावा. तिथं तिची बोटं केसांत शिरली आणि थांबली. भात शिजला की नाही ते दाबून पाहतात, तशी एकदा दाबली. 

"न्या आता," ती म्हणाली.

मोक्षधामात जागेश्वर माझ्या बाजूला घुटमळत होता. नाटकांचा हंगाम, त्याच रात्री कुठेतरी खेळ. तो मागत नव्हता, पण नजर तिकडंच. शेवटी मीच ती दाढी सोडवून त्याच्या हातात दिली. बकाराम आपल्या खऱ्या तोंडानं गेला.

आणि आता तेरवीला नंदलाल विचारत होता, "मंग? अंड्यायचं काय झालं?"

"पिल्लं निंगाले, उडून गेले. पन दाढी पाय! मरनानंही ते कडक नाही झाली." सगळे ऐकत आहेत हे दिसलं आणि माझी जीभ सुटली. "शेवटच्या दिवशी वहिनीनं हात फिरवला, तं तशीच. दोनी गालाले दाट, लोन्यावानी मऊ. खोटं वाटते तं इचारा वहिनीले!"

 मी दाराकडे पाहिलं. देवकाबाईच्या मांडीवर ती पितळेची वाटी होती. आतलं तेल पांढरं थिजलेलं, आणि तिचं बोट त्यावरून फिरत होतं. ती मोठ्यानं बोलली नाही, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"कायले खोटं बोलून राहिले, भाऊजी? त्याहीच्या डाव्या गालाले केस कुठी होते?"