लेकीची थुंकी चालत न्हाय

माझं आडनाव लग्नाआधी बिराजदार आणि लग्नानंतर बी बिराजदारच. पोरींची आडनावं बदलतात, माझं तेवढं बदललं न्हाय. सासरच्या, मुरूमच्या बाया म्हणायच्या, नीलम्मा, तुझा कागदपत्राचा तरास वाचला बघ. मी हसायची. पर मनात म्हणायची, व्हय, माझ्या अप्पाचं नाव माझ्याकडून कुणाला काढून घेता आलं न्हाय.

आमच्यात आडनाव एक असलं तरी सोयरीक होते. उमरग्यापासून पार अक्कलकोटापर्यंत जावा, दर गावात बिराजदार हायतच. जुन्या काळी गावचा कारभार बघणाऱ्याला म्हणायचे म्हणं, पाटील कसे गावोगाव असतात तसं. म्हणून थोरली माणसं आडनाव बघत न्हाईत, बेडगू बघतात. बेडगू म्हंजे कूळ. ज्यांचा बेडगू एक, ती पोरं भाऊ-बहीण. त्यांचं लगीन लावलं तर गाव तोंडात शेण घालंल. माझ्या माहेरचा, सास्तूरचा, बेडगू निराळा आणि सासरचा निराळा. चार म्हाताऱ्यांनी दिवसभर बसून तपासलं, मगच अक्षता पडल्या.

आता खरं सांगते. मी माझ्या भावावर जळते. साठी उलटली तरी जळते. राजशेखर माझ्यापेक्षा धाकटा. लोकांना वाटतं, शेताच्या वाटणीवरनं असंल. शेत गेलं चुलीत. भूकंपानंतर नव्या गावठाणात घर मिळालं ते बी त्याच्या नावावर झालं, त्याचं बी मला काय न्हाय. भूकंपात अप्पा गेले, मग घर घेऊन मी काय करू?

अप्पा रोज सांजच्याला पूजा झाली की राजाला म्होरं बसवायचे आणि सात पुरुषांची नावं म्हणून घ्यायचे. बापाचं, आज्याचं, पणज्याचं, असं वर वर. हा तिसऱ्या नावाला अडकायचा. मी चुलीपाशी भाकरी थापत असायची, तिथनं म्होरचं नाव सांगायची. एकदा अप्पा म्हणले, "नीला, तू भाकरीकडं बघ. तुला ही नावं काय करायच्यात? तू त्या घरची." कुठल्या घरची, ते तवा ठरलं बी नव्हतं. मी चौथीत हुते. माझी भाकर करपली आणि त्याच्यावरनं अव्वाचा, म्हंजे आईचा, मार खाल्ला तो बी मीच. राजाला मात्र तिसरं नाव आलं म्हणून गुळाचा खडा.

तवापासनं ते पोटात बसलंय. सातच्या सात नावं मला अजून येतात. राजाला इचारा, डोकं खाजवंल.

राजाला एकच पोरगी झाली, शिवरंजनी. तिच्या पाठीवर काय झालं न्हाय. मला लई वाईट वाटलं, असं म्या सगळ्यांना सांगितलं. माझ्या घरात पोरगा हुता ना, शांतलिंग. राजाच्या दारात जाताना त्याचं बोट धरून मी जरा हळूच चालायची, सगळ्यांना दिसावं म्हणून. पर शांतलिंग पडला मुरूमच्या बिराजदारांचा. अप्पाचा न्हाय. अप्पाचं जे काय हुतं ते सगळं राजाकडं, हे मला ठाव हुतं आणि त्यालाच मी जळत हुते.

शिवरंजनी पुण्याला शिकाय गेली. माणसाच्या अंगातनं त्याच्या मागच्या पिढ्या कशा हुडकायच्या, त्याचं शिक्षण हाय म्हणं. गेल्या पंचमीला मी माहेरी गेले, तर अंगणात बिराजदारांची ही रांग. भावकीतले, गल्लीतले, शेजारच्या गावचे बी. ही पोरगी खुर्चीवर, म्होरं टेबलावर बारक्या नळ्या. माझी भावजय सिद्धम्मा दारातच म्हणली, "वन्सं, हिच्या कॉलेजात आपल्या आडनावाचा अभ्यास निघालाय. सगळे बिराजदार एकाच मूळपुरुषाचे का निरनिराळे, ते थुंकीवरनं कळतंय." म्या पिशवी खाली ठिवली, तोंड धुतलं आणि रांगेत उभी ऱ्हायले.

माझी पाळी आली तर शिवरंजनी हसली. "आत्या, तुमची न्हाय चालत."

"का? मला काय रोग हाय?"

"तसं न्हाय ओ. आडनाव कसं बापाकडून लेकाला जातं, तसा अंगात एक अंश असतो. तो बापाकडून फक्त लेकाला जातो, त्याच्याकडून त्याच्या लेकाला. लेकीला तो मिळतच न्हाय. म्हणून ह्या अभ्यासाला पुरुषच लागतात. माझी स्वतःची बी थुंकी ह्यात चालत न्हाय."

"म्हंजे अप्पांचं माझ्यात काय न्हाय?"

"असं कसं? बाकीचं लई हाय. हे एवढंच न्हाय."

तळपायाची आग मस्तकाला गेली. चुलीपाशी अप्पा बोलले ते बोलले, आता पुण्याचं मशीन बी तेच बोलाय लागलं. रांगेतले दोघं-तिघं हसले. म्या त्यांच्याकडं असं बघितलं की हसणं जागच्या जागी गिळलं त्यांनी.

मग राजाची पाळी. तोंडात तंबाखू. पोरीनं चूळ भरायला लावली, अर्धा तास नुसतं बसवलं, मग नळी हातात दिली तर ह्याला थुंकीच येईना. म्या म्हणलं, "जलमभर गावाच्या भिंती रंगवल्यास, आज तोंड वाळलं व्हय रं?" समदी हसली, तो बी हसला. त्याला कशाचा राग म्हणून येत न्हाय, ते बी मला बघवत न्हाय.

नळी भरल्यावर शिवरंजनीनं त्याला मागच्या पुरुषांची नावं इचारली. हा आज्यापर्यंत गेला आणि थांबला. "अक्काला इचार," म्हणला. म्या एका दमात सातच्या सात सांगितली. पोरीनं लिहून घेतली, त्याच्या नळीच्या नावाखाली. नावं माझ्या तोंडची, नळी त्याची. दोन घास भात खाल्ला म्या त्या दिवशी, पुरणपोळीला हात लावला न्हाय.

निघताना शिवरंजनीला माझं तोंड बघून दया आली असंल. म्हणली, "शांतलिंगदादाची द्या की. तो बी बिराजदारच." ती माझी समजूत काढत हुती. माझ्या डोक्यात मात्र निराळंच शिजलं. म्हणलं, आमच्या मुरूमच्या घराचं काय तरी मोठं निघू दे, राजाच्या घरापेक्षा जुनं, नाव घेण्यासारखं. निघालं की पुढच्या पंचमीला ह्याच अंगणात बसून सांगते.

शांतलिंगचं मुरूमला खताचं दुकान हाय. गिऱ्हाईक बसवून ठिवून त्याला आत बोलावलं. "थुंक ह्यात, आणि हितं सही कर."

"अव्वा, हे काय काढलंयस?"

"मामाच्या पोरीचा अभ्यास हाय. थुंक गप."

दिवाळी झाली, थंडी पडली. एका ऐतवारी राजा आणि शिवरंजनी न कळवता मुरूमला आले. राजा कधी न कळवता येत न्हाय. शिवरंजनी म्हणली, "आत्या, मामांना आणि दादाला बी बोलवा. शांतलिंगदादाचं काय निघालं ते आधी तुमाला सांगते. बाहेर सांगायचं का न्हाय ते तुमी ठरवायचं."

मामा म्हंजे माझे मालक, महांतप्पा. गरीब माणूस, माझ्या तोंडाला तोंड कधी दिलं न्हाय. ते येऊन पलंगावर बसले, शांतलिंग दाराला टेकला.

शिवरंजनीनं सावकाश सांगितलं. जेवढ्या बिराजदारांच्या नळ्या घेतल्या त्यांचा मूळपुरुष काय एक न्हाय, लई निरनिराळे निघाले. आडनाव कामावरनं पडलेलं, मग असंच व्हायचं. "पण दोन नळ्या एकमेकींशी जुळल्या. एक पप्पांची, एक शांतलिंगदादाची. सास्तूरचे आपण आणि मुरूमचे तुमी, वर कुठंतरी एकाच बापाची लेकरं आहात. किती पिढ्या मागं, ते नेमकं सांगता येत न्हाय. सात-आठ असतील, जास्त बी असतील. कुणीतरी दत्तक गेला असंल, तिथला बेडगू लावला असंल. मग पुढच्यांना काय माहीत?"

मग हे म्हणले, "म्हंजे नीलम्मा माझ्या भावकीतली?" त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. "बहीण लागती का मला?"

"दाजी, एवढ्या पिढ्या झाल्यावर कसली बहीण," राजा म्हणला.

"बेडगू एक म्हंजे एक. गाव काय म्हणंल? ह्या वयात तोंड कुठं लपवू? हे ह्या घराच्या बाहेर जाता कामा नये." म्या त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

शांतलिंग माझ्यावर तडकला. "अव्वा, कुणी सांगितलं हुतं तुला? हात दाखवून अवलक्षण."

मला ह्यातलं काय ऐकू येत नव्हतं म्हणा ना. माझं डोकं दुसरीकडंच पळत हुतं. राजाचं आणि शांतलिंगचं एक. म्हंजे अप्पांचं आणि शांतलिंगचं एक. अप्पांच्या बापाचं, आज्याचं, ते सात पुरुष ज्यांची नावं मला म्हणू दिली न्हाईत, त्यांचं जे काय लेकाकडं जातं ते माझ्या पोटच्या पोरात हाय, हितं, दाराला टेकून उभं. आणि राजाला पोरगा न्हाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू फुटलं. हे घाबरून माझ्याकडं बघाय लागले.

बोलले तर माझ्या लग्नाला डाग, हे मला कळत हुतं. नवरा हात जोडायच्या बेतात हुता. पर एवढ्या वर्षांचं पोटातलं, ते थांबतंय व्हय?

म्या म्हणलं, "राजा, आईक. अप्पांनी तुला म्होरं बसवून नावं पाठ करून घेतली. तुझ्या घरात ती तुझ्यापाशी संपली. म्होरं कोण न्हाय. अप्पांचा वंश माझ्या घरात हाय. माझ्या! गाव थुंकू दे माझ्या तोंडावर, मी चावडीवर जाऊन सांगीन."

"नीलम्मा," हे एवढंच म्हणले.

राजा उठला. म्हणलं, आता भांडंल. भांडावं अशी माझी इच्छा हुती. त्याचं तोंड पडावं, त्यानं एकदा तरी जळावं, मी जशी जळत आले तसं. तो शांतलिंगपाशी गेला, त्याच्या खांद्यावर हात ठिवला आणि नीट बघितलं त्याच्याकडं.

"बरं झालं की अक्का," म्हणला. "अप्पांचं कुठंतरी ऱ्हायलं. तुझ्यापाशी ऱ्हायलं, म्हंजे चांगल्या जागी ऱ्हायलं. पर गावात नको सांगू. दाजींचा जीव जाईल."

"आणि तुला काय वाटत न्हाय?" म्या इचारलं. "तुझ्या मागं कोण न्हाय, त्याचं?"

तो माझ्याकडं असा बघाय लागला जसं काय मला सवालच नीट इचारता आला न्हाय. मग शिवरंजनीकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली हुती. माझं बोलणं तिला लागलं हुतं, ते मला तवा दिसलं.

"न्हाय कसं? ही हाय की," राजा म्हणला. "मला ही एक पोरगी बास हाय, अक्का. माझं जे काय हाय ते सगळं हिच्यात हाय."

लई साधं म्हणला. चहा झाला का म्हणावं, तेवढं साधं. शिवरंजनीनं मान वर केली आणि बापाकडं बघून हसली. हसली ती बी अशी, जसं काय हे तिनं लई डाव ऐकलंय.

मी चहा करते म्हणून आत गेले. ओट्याला धरून उभी ऱ्हायले. बाहेर हे राजाला हळू आवाजात काय काय सांगत हुते, शांतलिंग दुकानाकडं गेला. मला जे पाहिजे हुतं ते मिळालं हुतं, पुण्याच्या मशीननं लिहून दिलं हुतं, आणि माझ्या डोळ्याचं पाणी काय खळंना.

चावडीवर मी गेले न्हाय, जाणार बी न्हाय. आणि भावावर जळायचं त्या दिवसापासनं सुटलं. आता त्या पोरीवर जळते.