तिसऱ्या हाकेची वाट

मी एक हेडफोन बोलतोय. खोक्यातला कोरा नव्हे; उजव्या कानाची गादी सोललेला, वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. माझं ऐका, पण मला कानाला लावू नका. का, ते शेवटी सांगतो.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते निमगाव सावा. प्रांजलनं मला अभ्यासाला घेतलं, मग मी तिच्या वडिलांकडं, मच्छिंद्रकडं आलो. मच्छिंद्रची आई बानूबाई. मेंढरांमागं जन्म गेला तिचा. ती ओवी म्हणायची, ती लेकानं मोबाइलात भरून घेतलेली. पौषात बानूबाई गेली, आणि तेव्हापासून मी त्याच्या कानावरून उतरलोच नाही.

ओवी तीन मिनिटांची. ती संपली की माझ्यात खरखर व्हायची, आणि खरखरीतून हाक यायची, "मच्छिंदरऽ". जरा थांबून पुन्हा, "मच्छिंदरऽ". मग सामसूम.

लहानपणी बानूबाईनंच त्याला शिकवलं होतं, "हाक मारणारं दिसत नसंल तर दोन हाकांना ओ द्यायचा न्हाई. चकवा दोनदाच बोलावतो. तिसरी हाक माणसाची." म्हणून तो ओ देईना. तिसरीची वाट बघत बसे. ताटात भाकरी वाळायची, कोंडलेली मेंढरं ओरडायची.

"तात्या, ह्यो हेडफोनच बिघडलाय," प्रांजल म्हणाली. "चला, नवा बघू."

नारायणगावात पीयूषचं दुकान. आजा मारवाडातून आलेला, पण पीयूष बोलतो इथल्यासारखाच. त्यानं महागातला हेडफोन काढला. "भाऊ, हा लावा. मुंगी चालली तरी ऐकू येईल!"

"मुंगीचं काय करू राव? आई ऐकव."

मी काउंटरवर पडून मच्छिंद्रचं तोंड बघत होतो. ओवीतला आईचा श्वास, हातातली बांगडी, लांब कोकराच्या गळ्यातली घंटी. असं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. डोळे भरून आले. ओवी संपली. तो थांबला. थांबूनच राहिला.

"हाक कुठंय?"

"कसली हाक? रेकॉर्डिंग इथंच संपतंय, भाऊ."

मच्छिंद्रनं मला मोबाइलाला जोडून पीयूषच्या कानाला लावलं. पोराचा रंग उतरला. त्यानं मला तापल्या तव्यासारखं खाली टाकलं. "काय नाय ऐकू आलं," म्हणाला, पण हात पँटला पुसत राहिला.

प्रांजलनं बापाचं मनगट धरलं. "तात्या, चार म्हैनं झालं. तिसरी आली का एकदा तरी? मग ती आजी न्हाई."

मच्छिंद्रनं माझी वायर मोबाइलातून काढली. मग म्हणाला, "नवाच दे." मला तिथंच सोडलं. दारातून एकदा मागं वळून बघितलं त्यानं.

आता मी दुकानातल्या खालच्या खणात आहे, मेलेल्या चार्जरांत. मोबाइल नाही, वायर कशाला जोडलेली नाही. काल भर दुपारी खरखर आली. पहिली हाक झाली. दुसरी झाली. सामसूम.

आणि तिसरी आली. बारीक, धापा टाकत, लांबून कळपामागं चालत आल्यासारखी, "मच्छिंदरऽ".

म्हणून म्हणतो, मला कानाला लावू नका. चुकून भलत्यानंच ओ द्यायचा. निमगावच्या वाटेनं कुणी जाणार असेल तर मच्छिंद्रला एवढं सांगा, तिसरी आली. ओ द्यायचा का नाही, ते त्याचं त्यानं बघावं.

पण बिगीनं सांगा. चौथी हाक आली तर ती कुणाची, हे आईनं त्याला शिकवलं नव्हतं.