आक्काबाईची तपासणी

योसेफ सर शाळेत काम करत नाहीत, हे आक्काबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सलग तीन दिवस. पाथर्डीच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीवरच्या शाळेपाशी ती शेळ्या चारायच्या निमित्ताने खिडकीखाली उभी राहायची. दहा वाजले की सर खुर्चीत बसायचे, चष्मा वर सरकवायचे, बोट जिभेला लावून पान उलटायचे आणि अर्धा तास जाडजूड पुस्तक वाचायचे. स्वतःचं. मनातल्या मनात. मधेच एकटेच हसायचेसुद्धा. समोर बारा पोरं आपापली पुस्तकं धरून गप्प. ना पाढे, ना छडी.

चौथ्या दिवशी तिने खिडकीतूनच विचारलं, "सर, तुमचं शिकून झालं न्हाई का अजून?"

"नाही ना आक्का. चालूच आहे."

आक्काबाईला हा सरळ कबुलीजबाब वाटला.

प्रश्न त्याच वर्गात बसणाऱ्या नातीचा होता. मुलगा ज्ञानेश्वर आणि सून ऊसतोडीला निघणार होते. ट्रक उद्या सकाळी येणार होता. ज्ञानेश्वरने सांगून ठेवलं होतं, "आये, पोरगी शिकत आसंल तर ठेव तुझ्यापाशी. नसंल तर येऊ दे आमच्यासंगं, बारक्याला तरी सांभाळंल."

आणि सात वर्षांची सुकन्या घरी काय करत होती? ओट्यावर पुस्तक घेऊन नसलेला चष्मा वर सरकवत होती. बोट जिभेला लावत होती. मधेच हसत होती. हुबेहूब सर. मेल्यानं पोरीला नुसतं सोंग शिकवलं होतं!

"काय करती गं?"

"वाचती."

"मला फशिवती व्हय? पाठ केलं आसंल."

पाठ नसलेलं काहीतरी हवं होतं. आक्काबाईने हात पुढे केला. मनगटाच्या वर, लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलेली चार अक्षरं. नवऱ्याचं नाव. ते तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं, आणि तिच्या धाकाने घरात दुसरं कुणी घेत नसे. माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती.

"हे वाच."

सुकन्याने आधी चष्मा वर सरकवला. आजीचा हात उजेडाकडे वळवला. एक अक्षर सुरकुतीत बुडालं होतं, ते कातडी ताणून वर काढलं.

"भा... ग..." ती थांबली, खाकरली. हेही सरांचंच. "व... त. भागवत! आज्जे, भागवत कोन?"

आक्काबाईने पदर डोक्यावर घेतला, माणूस दारात आल्यासारखा. मग म्हणाली, "तुला सरानं सांगितलं आसंल."

"सरांना काय म्हाईत?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त संशयास्पद.

सकाळी ट्रक आला.

"पोरगी ऱ्हाऊ दे," आक्काबाई म्हणाली.

"वाचती का?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"वाचती. पर त्या मास्तरावर माझा भरवसा न्हाई."

दहा वाजता ती खिडकीखाली हजर. सरांनी पान उलटलं आणि हसले. आक्काबाईने शेळ्या तिथेच सोडल्या, आत येऊन वर्गाच्या दाराशी फतकल मारली.

"एकटंच काय हसता? जरा मोठ्यानं वाचा. बघू तरी काय हाय त्यात."