खाल्लं आणि खाऊन टाकलं

धाकटीचं सगळं संशोधन भावोजींनी स्वतःच्या नावावर छापलं आणि तिला शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य' म्हणून बसवलं. भावोजी म्हणजे ताईचा नवरा, विद्यापीठात भाषाशास्त्राचे विभागप्रमुख. "घरातलं घरात राहू दे गं," ताई म्हणाली. धाकटी आतून धुमसत राहिली.

प्रयोग साधा होता. फिल्ममध्ये ताई सफरचंद खाते आणि एक फोड बशीत ठेवते. मग इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना विचारायचं, तिने सफरचंद खाल्लं हे खरं का? कप फोडला म्हटलं की तो फुटलाच पाहिजे, दोन्ही भाषांत पळवाट नाही. खाण्याचं तसं नाही. इंग्रजीवाले बरेचदा उरलेली फोड चालवून घेत. स्पॅनिशवाले मात्र साफ नाही म्हणत, कारण धाकटीच्या वाक्यात 'कोमिओ'च्या, म्हणजे 'खाल्लं'च्या, आधी इवलासा 'से' होता. त्याने 'खाल्लं'चं 'खाऊन टाकलं' होतं.

परिषदेआधी भावोजी भाषणाचा मसुदा लॅपटॉपवर घेऊन घरी आले. "स्पॅनिश तेवढं नजरेखालून घाल."

सगळे 'से' त्यांनी फालतू समजून उडवले होते. धाकटीने एकेक पान सावकाश पाहिलं.

"छान झालंय, भावोजी."

सभागृहात ती ताईशेजारीच बसली. भाषण संपलं तशा एक पाहुण्या प्राध्यापिका उठल्या. "स्पॅनिश माझी मातृभाषा. फोड उरली तरी या वाक्याला मी हो म्हणेन. तुमची माणसं 'नाही' का म्हणाली?"

"संस्कृतीचा फरक," भावोजी म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"त्यांना हेच वाक्य दिलं होतंत?"

"हेच. मीच लिहिलंय." पण आता त्यांची नजर धाकटीला शोधत होती. "बाकी बारकावे माझी मेहुणी सांगेल."

ताईने तिचा हात दाबला. धाकटीने तो सोडवून माइक घेतला.

"त्यांना दिलेल्या वाक्यात 'से' होता. तो का गेला, हे ज्यांनी वाक्य लिहिलं त्यांनाच विचारा. मी नुसतं तांत्रिक साहाय्य."

ती खाली बसली. भावोजींचा चेहरा उतरताना तिने डोळे भरून पाहिला.

चौकशी लागली. धाकटीने प्रयोगाचं मूळ रेकॉर्डिंग, स्वतःच्या आवाजातलं, समितीपुढे ठेवलं. लेख मागे घेतला गेला, विभागप्रमुखाची खुर्चीही गेली. त्यानंतर भावोजी एकदा दारात आले.

"तुला तेव्हाच दिसलं होतं ना? एका शब्दाने सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचला असता."

तिने त्यांना आत या म्हटलं नाही. ताईचा फोन येणं मात्र बंद झालं. ते धाकटीला लागलं. तरी तिने माफी मागितली नाही. सभागृहातल्या त्या दुपारची आठवण आली की तिला अजून बरं वाटतं.