सामानाची खोली

चष्मेवाल्याने स्वतःच्या मावशीचा चष्मा दडवून ठेवला होता. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. जन्मभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारत ज्याने पोट भरलं, त्यानेच घरच्या म्हातारीला स्पष्ट दिसू नये म्हणून तिचा चष्मा दुकानाच्या खणात कोंडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मावशी चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली ती राहिलीच. वडिलांनी तिला मागची खोली दिली. तिथे ती लोकांचे कपडे शिवायची आणि याचा अभ्यास घ्यायची. पुढे वडीलही गेले, घर याच्या नावावर झालं, लग्न झालं, मुलगी झाली. मावशी मागच्या खोलीतच होती. चष्मेवाल्याची पन्नाशी उलटली, डोक्यावरचं केसांचं छप्पर उडालं, तरी तिच्या लेखी तो छोटूच.

आता छोटूला घर विकायचं होतं. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं, बायकोची नोकरीही तिकडेच. तिकडे एक फ्लॅट पाहून ठेवला होता. दोन बेडरूम: एक नवरा-बायकोची, एक मुलीची. मावशीचं काय, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला होता.

"आधी मावशींना सांग," ती म्हणाली. "मग बाकीचं."

"सांगतो ना. वेळ बघून सांगतो."

वेळ काही बघून झाली नाही. वृद्धांच्या एका निवासाचं रंगीत माहितीपत्रक तो घेऊन आला, तेही दुकानाच्या खणात गेलं. एवढं एक भिजत घोंगडं सोडलं तर बाकीचं काम मात्र झपाझप चाललं होतं.

एजंटबाई कामाला वाघीण होती. "कागद पूर्ण झाल्याशिवाय मी जाहिरात लावत नाही," तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. "नंतर घेणाऱ्याने माझी मान धरायला नको." मग तिने मागितलं ते सगळं त्याने गोळा केलं: मालकीचे कागद, कराच्या पावत्या, छताच्या दुरुस्तीचं बिल, विजेच्या वापराचा दाखला. शेवटी राहिला विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचा माहितीचा अर्ज. भिंतींना ओल येते का, शेजाऱ्यांशी भांडण आहे का, असले प्रश्न. त्यांची उत्तरं त्याने मोठ्या प्रामाणिकपणे दिली. न्हाणीघराचा नळ गळतो हेसुद्धा लिहिलं.

मग पुढचा प्रश्न आला. घरात राहणाऱ्या इतर सज्ञान व्यक्ती. प्रत्येकाचं नाव, नातं, आणि विक्रीला संमती असल्याची सही.

बायकोचं नाव लिहिलं, मुलीचं लिहिलं. त्याखाली एक ओळ कोरी होती.

"यात सगळे लागतात का हो?" त्याने विचारलं.

"सगळे. ज्यांचं अंथरूण या घरात पडतं ते सगळे. त्यांच्या सहीशिवाय घर रिकामं मिळेल असं मी कुणाला सांगू शकत नाही."

सही मागायची म्हणजे सांगणं आलं. त्याने कोऱ्या ओळीवर लिहिलं, 'आणखी कोणी नाही'. लिहिताना पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर अक्षरं उमटली.

त्याच आठवड्यात मावशीच्या चष्म्याची काडी तुटली. "घाई नाही रे छोटू," असं म्हणत तिने तो त्याच्या हातात दिला. काम पाच मिनिटांचं होतं. त्याने दुकानात पोहोचल्या पोहोचल्या काडी बदलली, काचा पुसल्या, डबीत ठेवला. आणि मग त्याच्या मनात आलं की घरभर एजंटबाईचे कागद पडलेले आहेत, आणि मावशीला चष्म्याशिवाय जवळचं अक्षर दिसत नाही. मनात आलं एवढंच. डबी खणात गेली.

"काडी मिळत नाहीये गं त्या मापाची," तो रोज सांगायचा.

"मिळेल तेव्हा मिळेल," ती म्हणायची.

भाजी चिरताना तिचं बोट कापलं, त्यावर पट्टी आली. तिचं वाचन बंद झालं. एका सकाळी त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं तिच्या हाताला लागलं, तेव्हा तिने ते नुसत्या चाचपण्यावर शिवून दिलं. पांढऱ्या शर्टाला हिरवा दोरा. दुकानातलं गिऱ्हाईक त्या बटणाकडे बघायचं आणि याला वाटायचं, सगळं जग बघतंय. खाई त्याला खवखवे. शेवटी तो चष्म्याची डबी कोटाच्या आतल्या खिशात घालून रोज घरी आणू लागला, आज देऊ म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तशीच परत नेऊ लागला. डबी बरगडीला टोचायची. टोचू दे, असं त्याला वाटायचं. तेवढीच शिक्षा.

जाहिरातीसाठी नकाशा काढायला मोजणीवाला आला, तेव्हा मावशी स्वयंपाकघरात होती. मोजणीवाल्याने फीत धरत एकेक खोली मापली. मागच्या खोलीच्या दारात तो थबकला. पलंग, शिवणयंत्र, खुंटीवर स्वेटर.

"जाहिरातीत ही काय म्हणून दाखवू? बेडरूम?"

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. बेडरूम म्हटलं तर झोपतं कोण, हा प्रश्न आलाच. "नाही, नाही," तो म्हणाला. "सामानाची खोली लिहा."

मोजणीवाल्याने लिहिलं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

रात्री जेवताना मावशीने विचारलं, "कोण रे आला होता?"

"दुरुस्तीवाला. घराची मापं घ्यायला."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खाली बघून भात कालवू लागला.

घर बघायला पहिलं जोडपं आलं ते सुट्टीच्या दिवशी दुपारी. चष्मेवाला त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेला होता. मावशीला त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं की जरा बागेत जाऊन बस, ऊन चांगलं आहे. तो एजंटबाई आणि ते जोडपं यांना घेऊन घरात शिरला तर मावशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली. अंगात बाहेर जायचा कोट, पायात बूट, शेजारी छोटी बॅग.

जोडपं भलं होतं. त्यांनी न्हाणीघराचा गळका नळ पाहिला, हसले. मागच्या खोलीचं दार एजंटबाईने उघडलं. "आणि ही सामानाची खोली, नकाशात आहे तशी."

नकाशात होती तशीच होती. पलंगाचे भाग सुटे करून भिंतीला टेकवले होते. गादी गुंडाळून सुतळीने बांधलेली. शिवणयंत्रावर चादर. स्वेटर, फोटो, पुस्तकं, सगळं खोक्यांत. खिडकीत एका वाटीत पलंगाचे स्क्रू. शेजारच्या सुताराला सकाळीच बोलावून तिने हे करून घेतलं असणार, हा दोन तास बाजारात गेला तेवढ्यात. त्या खोलीत कुणी माणूस पंचेचाळीसेक वर्षं राहिलं, याची काहीही खूण उरली नव्हती. फक्त पलंग होता तिथल्या फरशीचा रंग वेगळा दिसत होता.

"ऐसपैस आहे हो," बघायला आलेली बाई म्हणाली. परत जाताना ती मावशीपाशी थांबली. "आजी, तुम्ही इथेच राहता का?"

एजंटबाईने मान वर केली. अर्ज तिच्याच फाइलमध्ये होता.

"मी?" मावशी हसली. "छे गं. मी पाहुणी. चार दिवसांसाठी आलेय."

ती हे इतकं सहज म्हणाली की कुणालाही खरं वाटावं. एजंटबाईला वाटलं. तिने फाइल टेबलावर ठेवली, आता घेणाऱ्यासाठी प्रत्येक पानावर एकेक जादा सही हवी म्हणून सांगितलं आणि ती जोडप्याबरोबर निघून गेली. दार लागलं. बायको आत निघून गेली. हे तुझं तूच निस्तर, असं तिने तोंडाने म्हटलं नाही, पण तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

चष्मेवाला उभाच राहिला. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. वाटलं, मावशीने आता चार शिव्या द्याव्यात, कान पिळावा, लहानपणी पिळायची तसा.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तूच. त्या मोजणाऱ्याला सांगितलंस ना? डोळे तुझ्याकडे दुरुस्तीला होते रे, कान माझ्याकडेच होते." ती बूट काढू लागली. "परक्या माणसांपुढे तुझं तोंड खाली जायला नको म्हणून बोलले. आता ते गेले. तो कागद आण इकडे."

"दिसणार नाही तुला."

ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. त्याने आतल्या खिशातून डबी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या पानापासून वाचायला घेतला. घरात एवढी शांतता की न्हाणीघराचा नळ ऐकू येत होता. 'आणखी कोणी नाही' यावर ती थांबली, पान उलटलं, मागून उठलेल्या अक्षरांवरून पट्टीचं बोट फिरवलं.

"शाळेतही खोटं लिहिताना असाच पेन दाबायचास."

त्याने ती ओळ खोडली. तिच्या समोरच. वर तिचं नाव लिहिलं, पुढे 'मावशी' लिहिलं. मग संमती आहे आणि संमती नाही, असे दोन चौकोन होते, ते तिच्यापुढे सरकवले.

"नवीन घरात माझी खोली कुठे आहे?" तिने विचारलं.

इतके दिवस जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं त्याच्या तोंडाशी आली. त्या निवासात बाग आहे, डॉक्टर आहेत, आम्ही दर आठवड्याला येऊ. त्यातलं एकही बाहेर पडलं नाही.

"नाहीये," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. संमती नाही. खाली सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

"नकाशात माझी खोली असेल अशा घराचा कागद आण," ती म्हणाली. "लहान चालेल. मग म्हणशील तिथे सही करते."

त्याला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. एजंटबाई बोंब मारेल, फ्लॅट हातचा जाईल, जाऊ दे. त्याला वाटलं, संपलं, वाचलो. पण मावशीने चष्मा काढून काडी बोटाने उघडमीट केली. काडी नवी होती, अगदी तिच्या मापाची.

"छान बसलीय," ती म्हणाली. "केव्हा झाला हा?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ते वाक्यही तयार होतं.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "तू दिलास त्याच दिवशी."

आता मात्र तिचा चेहरा उतरला. घराचं ऐकून उतरला नव्हता, सामानाची खोली ऐकूनही नाही. पट्टीचं बोट तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

मग उठली आणि मागच्या खोलीकडे निघाली. तो तिच्यामागे धावला, पलंग जोडायला. घाईत त्याचा धक्का लागून खिडकीतली वाटी पडली, स्क्रू खोलीभर उडाले. तो गुडघ्यांवर बसून वेचू लागला. एक काही केल्या सापडेना. खोक्यांमागे, गादीखाली, भिंतीकडेला तो हात फिरवत राहिला. डोळ्यांतल्या पाण्याने त्याला फरशीही नीट दिसत नव्हती.

मावशी दारात उभी होती. तिने चष्मा लावला.

"तो काय," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यापाशी."