नव्या बंदुकीची खोड

माणसाची पत जायला आमच्या खोऱ्यात फार काही लागत नाही. एक हरणी पुरते, तीही जखमी करून सोडलेली.

येर्नेयच्या हातून ती सप्टेंबरात सुटली. समोरच्या चढावर निवांत चरत होती, वारा पडलेला, उजेड चांगला. असा नेम येर्नेयने गेल्या तीस-चाळीस वर्षांत कधी चुकवला नव्हता. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. हरणी एकदा उसळली आणि खाली झाडीत शिरली. रात्रभर ती कुठेतरी तडफडत पडली असणार, हे येर्नेयला कळत होतं, आणि त्या रात्री त्याने अंथरुणाला पाठ टेकली नाही. दुसऱ्या दिवशी शिकारी मंडळाचा प्रमुख अल्बिन माग काढणारा कुत्रा घेऊन आला. ओढ्याकाठी ती सापडली, अजून धुगधुगी होती. अल्बिननेच तिला त्रासातून मोकळं केलं, मग फरच्या झाडाची डहाळी तोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, असं आम्ही म्हणतो. खरं तर तो मान ज्याने गोळी घातली त्याचा. येर्नेय तिथेच टोपी हातात घेऊन उभा होता, पण अल्बिनने त्याला विचारलंसुद्धा नाही.

डहाळीचे आमचे नियम पक्के आहेत. एक जनावराच्या तोंडात, एक शिकाऱ्याच्या टोपीत, उजव्या बाजूला. डाव्या बाजूला खोचायची ती फक्त मंडळातला कुणी गेला तर. जूनमध्ये येर्नेयची बायको पोलोना गेली तेव्हा मंडळ झाडून आलं होतं, पण डावीकडे डहाळी कुणी खोचली नव्हती. ती काही शिकारी नव्हती ना. येर्नेयलाही तेव्हा सुचलं नाही.

"रविवारी नेमबाजीच्या मैदानावर ये," अल्बिन कुत्र्याचा पट्टा गुंडाळत म्हणाला. "सगळ्यांसमोर पाच गोळ्या मार. लागल्या तर प्रश्न मिटला. नाही लागल्या तर तुझं वरचं मचाण मंडळातल्या मिर्कोला देतो, आणि तू आपला घरी आराम कर."

"दोष बंदुकीत आहे."

"हे मी मे महिन्यापासून ऐकतोय, येर्नेय. पोलोना गेल्यापासून तुझे हात कापतात. त्यात लाजायचं काय? वय झालंय, दुःख झालंय."

"मे महिन्यात पोलोना होती," येर्नेय म्हणाला.

अल्बिनने पट्टा खिशात कोंबला. तो कुत्र्याला घेऊन निघून गेला.

घरी आराम कर, म्हणे. घरी काय होतं? एक चूल, दोन खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीकडे बघवत नव्हतं. येर्नेयला कुठे बसवत असेल तर ते वरच्या मचाणावर. तिथे गप्प बसणं हेच काम असतं. घरात गप्प बसलं की घर अंगावर येतं. मचाण गेलं असतं तर त्या माणसाने करायचं काय होतं, ते अल्बिनच जाणे.

आता बंदुकीचं सांगतो. जुनी बंदूक येर्नेयच्या बापाची, तिची नळी आतून पार झिजलेली. म्हणून फेब्रुवारीत त्याने क्रान्य शहरातल्या दुकानातून कोरी करकरीत रायफल आणली. अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली तेव्हा पोलोनाने ती उलटीसुलटी करून पाहिली, दस्त्याच्या मागे बोट फिरवलं आणि विचारलं, "याला मागे झाकण नाही?"

जुनीला होतं. दस्त्याच्या बुडाशी पितळी झाकण, आत बोटभर पोकळी. तिथे पोलोना दरवर्षी नवी डहाळी ठेवायची. ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार येतो. आमच्याकडे झावळ्या कुठल्या? आम्ही ज्युनिपर, हेझल अशा झुडपांचं मिळेल ते बांधून जुडी चर्चमध्ये नेतो. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं की तिच्या डहाळ्या घरभर जातात. गोठ्यात एक, मधमाश्यांच्या पेटीवर एक, गाडीत एक. आणि नवऱ्याच्या बंदुकीत एक, तो धड परत यावा म्हणून. नवऱ्यांनी ते माहीत नसल्यासारखं दाखवायचं, हीही रीतच.

"रबर आहे ते, चिकटवलेलं," येर्नेय हसून म्हणाला होता. "तुझा पालापाचोळा ठेवायला यात जागा नाही. ही नव्या जमान्यातली आहे, बाईसाहेब."

"बघू," पोलोना म्हणाली होती.

मार्चमध्ये मैदानावर त्याने बंदूक नेमाला लावून घेतली. गोळ्या एकाच नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या. मिर्को, जो देवाच्याही नेमाला नावं ठेवेल, तोही मान डोलावून गप्प बसला. आणि मे उजाडला तशी त्या बंदुकीला अवदसा आठवली. हरणाचा पहिला नर हातभर अंतराने सुटला. मग कागदावर मारून पाहिलं तर एक गोळी उजवीकडे, दुसरी वर, आणि नळी तापली की तिसरी भलतीकडेच. येर्नेयने दुर्बीण आवळली, काडतुसं बदलली, डोळे तपासून घेतले. फरक शून्य.

शेवटी मिर्कोच्या गाडीतून तो दुकानात गेला. तिथल्या माणसाने भिंग लावून बंदुकीचं पोट पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे खालचे स्क्रू कुणीतरी उघडलेत. खाच खरवडलीय बघा. घेतानाच सांगितलं होतं, लाकूड आणि नळी आपल्या हाताने वेगळी करायची नाही. आता हमी संपली. मी हात लावत नाही."

येर्नेयचं डोकंच फिरलं. त्याने आयुष्यात खोटं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं, आणि हा कालचा पोऱ्या त्याला चारचौघांत खोटा ठरवत होता. "आईची शपथ," तो भर दुकानात म्हणाला, "मी त्या स्क्रूंना बोट लावलेलं नाही." मिर्को शेजारीच उभा होता. संध्याकाळपर्यंत ती शपथ सगळ्या खोऱ्याला माहीत झाली.

तिथून तो तसाच इस्पितळात गेला. पोलोना तेव्हा तिथे होती. दुखणं तिला हिवाळ्यापासून कळलेलं होतं, सांगितलं तिने ईस्टर झाल्यावर. येर्नेय खाटेशेजारी बसला खरा, पण तोंडात दुकानच होतं. कारखान्यातूनच खराब आलेली माझ्या गळ्यात मारली, वर म्हणतात स्क्रू उघडले. माझ्या घरात कोण उघडणार? कुत्रं का मांजर?

पोलोनाने त्याच्या बाहीला धरलं. "येर्नेय, त्या बंदुकीचं मला जरा..."

"तू नको त्यात डोकं घालू. तू झोप. तुला काय कळतंय त्यातलं."

"ऐक तरी."

"बरी होऊन घरी ये, मग ऐकतो सगळं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग "बरं" म्हणाली. पुढचे दिवस तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलणं तेवढंच झालं.

दुकानाशी भांडण मात्र येर्नेयने सोडलं नाही. लोक म्हणाले, अरे, त्या त्सिरिलकडे ने. त्सिरिल आमचा जुना बंदूकवाला, स्वतःचं दुकान मुलाला दिलं तरी कोठारात हत्यारं ठेवून असतो. पण येर्नेय हट्टाला पेटलेला. दुसऱ्याने बंदूक उघडली की दुकानवाले म्हणायला मोकळे, बघा, आम्ही म्हणत होतो. त्यांनी चूक कबूल करायला हवी, हेच धरून तो बसला. बायको पुरली तेव्हाही, खरं सांगायचं तर, त्याच्या डोक्याचा एक कोपरा त्या स्क्रूंपाशीच होता. दुःख मोठं असलं की माणूस असं काहीतरी लहान धरून बसतो.

आता रविवार तोंडावर आला होता. येर्नेयने नाक मुठीत धरून बंदूक त्सिरिलच्या बाकावर ठेवली.

"आलास एकदाचा," त्सिरिल म्हणाला. "मला वाटलं, माझ्या मयताला घेऊन येशील." त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि एक कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घातली. नव्या बंदुकीत ती पट्टी सरकत मागपर्यंत जायला हवी. नळी मोकळी असली तरच गोळ्या एका जागी जातात, लाकूड तिला कुठे टेकता कामा नये. पट्टी निम्म्यावर अडली. त्याने पुन्हा घातली, पुन्हा तिथेच अडली. "इथे काहीतरी आहे. आणि स्क्रू उघडलेत, बरं का. दुकानवाला खोटं नाही बोलला."

"मी नाही उघडले."

"तू नाही, मी नाही. मग भुताने उघडले असतील."

त्याने दोन्ही स्क्रू काढले आणि नळी लाकडापासून अलगद उचलली.

लाकडाच्या खाचेत ज्युनिपरची डहाळी होती. बोटाएवढी, वाळून करडी पडलेली, नळीखाली नीट आडवी बसवलेली. घसरू नये म्हणून तिला लाल लोकरीचा धागा गुंडाळून गाठ मारली होती. त्सिरिल हसायला लागला. "आयला, हा तुझा कारखान्यातला दोष? पाला घातलाय कुणीतरी..." मग त्याने येर्नेयच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

लाल लोकर येर्नेयने ओळखली होती. त्याचंच जुनं स्वेटर, हिवाळ्यात पोलोनाने उसवलेलं.

"सुताराची पोर ना ती," त्सिरिल हळू आवाजात म्हणाला. "खाच जरा खरवडली, पण स्क्रू बघ कसे सारखे आवळले होते. झाकण नव्हतं म्हणून इथे ठेवली असणार. तिला कसं ठाऊक असणार, बाबा, की नळीला काही टेकलेलं चालत नाही?"

येर्नेयने डहाळी हातात घेतली. त्याला इस्पितळातली ती खाट दिसत होती आणि बाहीवरचा हात. आपण आता फार दिवस जगत नाही हे तेव्हा तिला कळलेलं होतं. झावळ्यांच्या रविवारीही कळलेलं होतं. स्वतःच्या उशाशी तिने काही ठेवलं नाही, हा घरी धड परत यावा म्हणून एकटी बसून स्क्रू उघडत राहिली. आणि ती सांगायला लागली तर हा म्हणाला, तुला काय कळतंय. येर्नेय त्सिरिलच्या स्टुलावर बसला आणि रडला. मयताच्या दिवशीही तो रडला नव्हता. त्सिरिलने पाठ फिरवून नुसतीच हत्यारं पुसत वेळ काढला.

"लावू परत?" शेवटी त्याने विचारलं. "डहाळीशिवाय?"

"लाव," येर्नेय म्हणाला. डहाळी त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. "आणि त्सिरिल, हे कुणाला सांगायचं नाही. हसतील तिला."

रविवारी मैदानावर सगळे होते. असल्या तमाशाला आमच्याकडे माणसं प्रार्थना अर्धी सोडून येतात. येर्नेय आडवा झाला, दस्ता गालाला लावला. पाच गोळ्या गेल्या. अल्बिन लक्ष्य बघायला स्वतः चालत गेला आणि कागद घेऊनच परत आला. मधोमध एकच भोक होतं, जरा फाटलेलं.

"मचाण तुझं," अल्बिन म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "हात कापतात म्हणालो, ते माझं चुकलं. पण मग दोष निघाला काय?"

"स्क्रू," येर्नेय म्हणाला. "खालचे स्क्रू वाकडेतिकडे आवळले गेले होते. मीच उघडले होते."

मिर्को पुढे सरकला. ही संधी तो बरी सोडेल. "थांब थांब. दुकानात आईची शपथ घेतलीस ती? मी स्वतः ऐकलीय."

"खोटी घेतली."

"वा रे सज्जन माणसा. आणि चार महिने त्या बिचाऱ्या दुकानवाल्याच्या नावाने खडे फोडतोय."

मोठा हशा पिकला. स्क्रूवाला येर्नेय हे नाव त्याला तिथल्या तिथे चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही. त्सिरिल मागे बाकावर बसला होता. त्याने तोंड उघडलं, पण येर्नेयने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो पुन्हा पाइप पेटवायला लागला.

हशा ओसरेपर्यंत येर्नेय थांबला. मग टोपी काढली, खिशातून रुमाल काढला, आणि ती करडी डहाळी टोपीच्या पट्टीत खोचली. डाव्या बाजूला. थोडी पानं गळून गवतात पडली. कुणासाठी, असं कुणी विचारलं नाही. अल्बिनने स्वतःची टोपी उतरवली.

येर्नेय बंदूक खांद्याला अडकवून निघाला. मचाणाची वाट वर जाते, तो खाली दफनभूमीकडे वळला. तिथे पोलोनाच्या थडग्यावर अजून दगड बसवायचा आहे, नुसता लाकडी क्रूस आहे. तो बाजूच्या बुटक्या भिंतीवर बसला, बंदूक गवतावर आडवी ठेवली आणि टोपी मांडीवर घेतली.

"हं, सांग," तो म्हणाला. "ऐकतोय."