कासारीण अजून पाण्यात आहे

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी, पुष्पावती खोटं बोलली.

१९७३ सालचा एप्रिल होता. देवळाली प्रवरेच्या प्राथमिक शाळेत ती शिक्षिका होती, आणि परीक्षेचे कागद न्यायला शाळेतल्याच मालनबाईंबरोबर श्रीरामपूरला आली होती. दोघी शेडच्या सावलीत गाडीची वाट बघत उभ्या होत्या. तेवढ्यात काखेत कापडाचं बोचकं घेतलेली एक उंच, हडकुळी बाई समोर येऊन थांबली.

"पुष्पा ना गं तू? चार नंबरच्या खाटंवरची?"

पुष्पावतीनं तिला आवाजावरूनच ओळखलं. असा घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हताच. पण शेजारी मालनबाई कान देऊन उभ्या होत्या. पुष्पावती म्हणाली, "नाही हो. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

त्या बाईनं मालनबाईंकडे पाहिलं, पुन्हा पुष्पावतीकडे पाहिलं, आणि तिला काय ते उमगलं. "असंल," ती म्हणाली. "मी रतनबाई. स्टेशनामागं ऱ्हाते, शिवनकाम करते. कुनीबी घर दावील." दोन पावलं गेली आणि वळली. "ती पुष्पा कवा भेटली तर तिला सांगा, माझी कासारीन अजून पान्यात हाय."

"कोण हो ही?" मालनबाईंनी विचारलं.

"कोण जाणे," पुष्पावती म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र तिनं कागदांचा गठ्ठा दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा आकडा विसरली.

सोळा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, पुष्पावतीला क्षय झाला होता. वडिलांनी तिला नगरच्या बाहेर माळावरच्या एका आरोग्यधामात ठेवलं. तिथं ती चौदा महिने होती. बायकांच्या वॉर्डात, लांबलचक पडवीत आठ खाटा. सकाळी इंजेक्शन, जेवणानंतर कडू पूड. मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं नाही, उठायचं तर मुळीच नाही. दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती; त्या वेळात वाचायलाही बंदी.

तीन नंबरच्या खाटेवर रतन होती. घरी पाच वर्षांचा मुलगा ठेवून आलेली. पाच नंबरवर झुंबरबाई. ती पाथर्डीकडची, दरसाल ऊस तोडायला या भागात येणारी. फडातच तिला रक्ताची उलटी झाली होती. एका दुपारी झुंबरबाई छताकडे बघत म्हणाली, "पोरी, तू शिकल्याली हाईस. मला कुटंतरी ने."

"कुठं जायचं?"

"समिंदर बघायचा."

पुष्पावती हळूच म्हणाली, "बरं. तुम्ही नेवाशाला प्रवरेच्या काठावर उभ्या आहात. सकाळ झालीय. तुम्ही कोण आहात?"

"म्हंजे?"

"तुम्हाला कोण व्हायचंय?"

झुंबरबाईनं फार वेळ लावला नाही. "मी मामलेदार. आमच्या गावात एकदा आल्ता. घोड्यावर बसून जायचं, पायी न्हाई."

रतननं तोंडावर पदर दाबून हसू आवरलं. मग तीही म्हणाली की ती कासारीण होणार, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी.

असा तो खेळ सुरू झाला. पुढं काय दिसतंय ते पुष्पावती सांगायची. आपण काय करतो ते त्या दोघी सांगायच्या. जिथं जमेल की नाही अशी शंका, तिथं चिंचोके टाकायचे. झाडू मारणाऱ्या बाईनं चिंचोके आणून दिले होते. ते पुष्पावतीनं खाटेच्या लोखंडी दांडीवर एका बाजूनं पांढरे होईतो घासले. सहा चिंचोक्यांत चार पांढरे पडले तर जमलं, नाहीतर नाही. पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं, पुष्पावतीलाही नाही. तापाच्या जुन्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती त्या वाटेचा नकाशा काढत गेली. संगमनेर झालं, अकोल्याचे डोंगर लागले. आठ महिन्यांत मामलेदार दोनदा चोरांच्या तावडीतून सुटला आणि कासारणीनं एका पाटलाच्या बायकोला फुटक्या बांगड्या विकल्या.

मग एके दुपारी ते एका नदीशी आले. पूर होता. मामलेदारानं घोडा पाण्यात घातला. कासारीण घोड्याची शेपटी धरून मागे. मधोमध वरून लोंढा आला. झुंबरबाईनं टाकायला म्हणून चिंचोके मुठीत घेतले, तेवढ्यात चारची घंटा झाली आणि नर्स आली.

"उद्या," पुष्पावती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरची खाट रिकामी होती. पुष्पावती तोंड धुवायला गेली असताना तिनं मागच्या दारानं स्ट्रेचर जाताना पाहिलं होतं, वरपर्यंत चादर ओढलेलं. नर्सनं वॉर्डात सांगितलं, झुंबरबाईला घरी सोडलं. रतननं पुष्पावतीकडे पाहिलं. पुष्पावती म्हणाली, "हो. मी बघितलं. घरी गेली."

त्यानंतर तिला खेळ पुढं नेता येईना. मामलेदाराचं काय झालं म्हणून सांगायचं? रतनही कधी विचारीना. तीन महिन्यांनी पुष्पावती बरी होऊन बाहेर पडली. तिथल्या नियमाप्रमाणे सगळं जाळून टाकलं: कपडे, तक्ता, चिंचोके. वडिलांनी स्थळ पाहिलं आणि आजाराचा शब्दही न काढता लग्न लावून दिलं. सासरी, शाळेत, कुणालाच काही माहीत नव्हतं. तिनं स्वतःही ते वर्ष नव्हतंच असं धरून चालायचं ठरवलं. पण वर्गातली मुलं गणितं सोडवत बसली की कधीकधी तिला वाटायचं, आत्ता कुणीतरी विचारावं, पुढं काय दिसतंय? कुणी विचारायचं नाही.

स्टँडवरच्या त्या खोट्यानंतर पंधरा दिवस तिनं कसेबसे काढले आणि एका रविवारी एकटीच श्रीरामपूरला गेली. रतनबाई दारातच मशीनवर बसली होती.

"रतनताई, त्या दिवशी मी..."

"चा घेतीस ना?" रतनबाई म्हणाली. "विजे, चा टाक गं. ही पुष्पा. माझ्या शेजारच्या खाटंवर हुती."

विजयमाला ही तिची सून, अठरा वर्षांची, नुकतंच लग्न होऊन आलेली. या घरात आजाराची गोष्ट अशी सरळ, चहाबरोबर निघत होती, ह्याचं पुष्पावतीला इतकं नवल वाटलं की तिला क्षमा मागायचं सुचलंच नाही. निघताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ का? खेळायला?"

"सोळा वर्सं वाट बघितली," रतनबाई म्हणाली. "आठ दिसानं काय व्हतंय."

तो आठवडा पुष्पावती तयारीला लागली. इतक्या वर्षांनी आपल्याला जमेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिनं साधनांवर भिस्त ठेवली. बाजारातून लुडोचा डबा आणला, त्यातले दोन फासे घेतले. चौकटींच्या वहीत नदीचा नकाशा काढला, खोल पाणी निळ्या पेन्सिलीनं, खडक तपकिरी. दोन फाशांची जितकी म्हणून दानं पडतील तितक्यांपुढे काय घडेल ते लिहिलं. पलीकडची गावं लिहिली, माणसांची नावं लिहिली, ती काय बोलतील तेही लिहिलं. चाळीस पानं भरली.

रविवारी सगळं सतरंजीवर मांडलं. कौतुकानं विजयमालाही येऊन बसली. पुष्पावतीनं वाचायला सुरुवात केली. रतनबाईनं फासे टाकले; एक मशीनखाली घरंगळला. तो काढून पाहिलं, दोन्ही मिळून नऊ.

"नऊ म्हंजी काय?"

"थांब हं." पुष्पावतीनं पान उलटलं. "नऊ... पाणी कमरेच्या वर, पण पाय टेकतो."

"मंग मी पाटी एका हातानं धरते, अन् दुसऱ्या हातानं..."

"ते पुढच्या पानावर आहे."

अर्ध्या तासात विजयमाला भांडी घासायला उठून गेली. थोड्या वेळानं रतनबाईनं मांडीवरचं काजं केलेलं ब्लाउज उचललं आणि बटणं लावायला घेतली.

"रागावू नगंस," ती म्हणाली. "तू वहीत बघतीस, पुष्पे. तवा आमच्या तोंडाकडं बघायचीस."

परतीच्या गाडीत पुष्पावती खिडकीतून बाहेर बघत होती. प्रवरेत त्या साली पाण्याचा टिपूस नव्हता. पात्रातल्या खड्ड्यांतून बायका वाटीवाटीनं पाणी काढत होत्या. तिला रडू आलं. तो खेळ त्या पडवीतच राहिला, असं तिला वाटलं. तिथं त्या तिघींना खाटेवरून उठायची मुभा नव्हती म्हणूनच तो होता.

त्या आठवड्यात तिनं नवऱ्याला सांगितलं. सहादेव साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. शांत, मोजकं बोलणारा माणूस. रविवारी कुठं जातेस, एवढंच त्यानं विचारलं होतं. तिनं आजारापासून सगळं सांगितलं. त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"पंधरा वर्षं," तो म्हणाला. "मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

तो दोन दिवस तुटक वागला. तिसऱ्या दिवशी बोलू लागला, पण जपून, जणू ती अजून आजारी आहे.

पण रतनबाईचं तोंडाकडं बघण्याचं ते बोलणं तिच्या मनातून जाईना; पुढच्या रविवारी जाताना तिनं लुडोचा डबा घरी ठेवला. चाळीस पानं फाडून वही कोरी केली. नकाशा तेवढा घेतला, कारण नदी कुठल्या अंगानं वाहते हे दोघींना एकदम दिसायला हवं होतं. आणि वर्गातली एक पाटी घेतली, कुणाजवळ काय सामान आहे ते लिहायला, कारण रतनबाई ते विसरायची आणि मग वाद व्हायचा. वही मात्र पुढं काय होणार ते लिहायला नाही. झालं ते नंतर टिपायला.

रतनबाईच्या घरी पोचली तर विजयमाला उंबऱ्याशी दगडावर चिंचोके घासत बसली होती.

"आत्याबाईंनी सांगितलं, सहा लागतात," ती म्हणाली. "मावशी, मी पण कुणीतरी होऊ का?"

"कोण होतेस?"

विजयमाला लाजली. "एसटीची कंडक्टर. रोज कुठंतरी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पण त्या वक्ताला एसटी नसंल ना?"

"असू दे की," पुष्पावती म्हणाली. "पलीकडच्या काठावर तुझी गाडी पाण्यामुळं अडकून उभी आहे."

मग ती रतनबाईकडे वळली आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "वरून लोंढा येतोय. गढूळ पाणी, त्यात एक आख्खं झाड. घोडा बिथरलाय. शेपटी तुझ्या हातात आहे. काय करतेस?"

रतनबाईनं काम बाजूला ठेवलं. "मी काय करते ते मागनं. आदी झुंबरचं दान ऱ्हायलंय. ते टाकू."

पुष्पावतीनं नकाशा बाजूला सारला. मग म्हणाली, "चार पांढरे पडले तर मामलेदार घोड्यावर टिकतो."

"अन् न्हाई पडलं तर?"

"नाही पडले तर वाहून जातो."

रतनबाईनं चिंचोके ओंजळीत घेतले, कपाळाला लावले आणि टाकले. दोन पांढरे.

पुष्पावतीच्या मनात आलं, काहीही सांगता येईल. पुढच्या वळणाला तो काठाला लागला, एका कोळ्यानं त्याला ओढून काढलं. सांगणारी तीच होती. रतनबाई तिच्याकडे बघत होती.

"मामलेदार गेला," पुष्पावती म्हणाली. "पगडी वर आली. तो नाही आला."

रतनबाईचे डोळे भरून वाहू लागले. तिनं ते पुसले नाहीत. "तिच्या वहाना खाटंखाली हुत्या, पुष्पे," ती म्हणाली. "घरी जानारं मानूस वहाना ठिवून जातंय व्हय? मी त्या बघितल्या. पन तू म्हनलीस, घरी गेली. म्हनून मीबी तसंच धरलं."

"मला सांगायला हवं होतं."

"लहान हुतीस. आता सांगितलंस." तिनं नाक शिंकरलं. "कासारीन अजून पान्यातच हाय. तिचं बघा आता."

"मी टपावरचा दोर टाकते," विजयमाला घाईनं म्हणाली. "सामान बांधायचा असतो ना, तो."

रतनबाईनं दान टाकलं. पाच पांढरे. दोर हातात आला. पाटीतल्या निम्म्या बांगड्या पाण्यात गेल्या, पण कासारीण काठावर आली, चिखलात बसली आणि कंडक्टरनं तिला विचारलं, कुठं जायचंय?

"समिंदर," रतनबाई म्हणाली. "पन आज न्हाई. आज हितंच बसू."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर पुष्पावतीनं खेळात झालेलं सारं वहीत लिहिलं. झुंबरबाईच्या नावाशी आल्यावर ती थांबली. तिचं आडनाव तिला माहीत नव्हतं. गावही नाही. आठ महिने रोज दोन तास दोघी बरोबर चालल्या होत्या आणि पाथर्डीकडची एवढंच तिला ठाऊक होतं.

"सुट्टीत पाथर्डीला जाऊन येईन म्हणते," ती सहादेवला म्हणाली. "तिचं कुणी असलं तर विचारीन."

"सारा तालुका दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलाय. कुणाला विचारणार?"

"कामावरच विचारीन."

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "काट्यावर येणारे तिकडच्या ऊसतोड टोळ्यांचे मुकादम माझ्या ओळखीचे आहेत."

मे महिन्यात दोघं दोनदा गेली. उन्हात, खडीच्या ढिगांपाशी, बायका हातोडे खाली ठेवून ऐकून घ्यायच्या. दोन झुंबरबाया भेटल्या, दोघी जिवंत. एका म्हातारीला अशी एक बाई अंधुक आठवत होती, पण ती घोगरगावची की आणखी कुठली, हे तिला सांगता येईना. पुष्पावतीनं तिचं म्हणणं टिपून घेतलं. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हातारीनं विचारलं म्हणून, ती बाई कशी होती ते सांगू लागली.